पर्समधलं ओझं नेमकं कोणाचं?

मोगरा

डोंबिवली ते सीएसएमटी रोज जाऊन-येऊन करणाऱ्या बाईच्या पर्सबद्दल हा धागा काढते आहे. घरातला पसारा, कपाटं, साड्या, पुस्तकं आवरण्यावर इथे आधी बरीच चर्चा झाली आहे. पण जे रोज खांद्यावर घेऊन आपण गर्दीत चढतो-उतरतो, त्याबद्दल फारसं कोणी बोललेलं दिसलं नाही.

खांदा धरायला लागला तेव्हा मी पर्स स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. चार किलो भरली. मग जमिनीवर चादर अंथरून सगळं बाहेर काढलं. 'लागतं' आणि 'लागत नाही' असे दोन ढीग करा, असं सगळीकडे सांगतात. त्याने काही हाती लागत नाही. पर्समधली प्रत्येक वस्तू कधी ना कधी लागलेली असते, म्हणून तर ती तिथे आलेली असते. मी ढीग वेगळ्या प्रश्नावर केले: ही वस्तू कोणासाठी आहे?

माझ्यासाठीच्या ढिगात डबा, पाण्याची बाटली, मोबाइल आणि चार्जर, पास, ऑफिसचं कार्ड, घराची किल्ली, कंगवा, रुमाल, टिकल्यांचं पाकीट, सॅनिटरी पॅड, सेफ्टी पिना आणि घडीची छत्री.

दुसऱ्या ढिगात सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि गोळ्यांची रिकामी पट्टी, कारण केमिस्टला तीच दाखवावी लागते. मुलाच्या फॉर्मच्या झेरॉक्स. पिको-फॉलला टाकायची नणंदेची साडी. नवऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ, सेल बदलायला. सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक. शेगडीचा एक बर्नर, नवा आणताना मापाला हवा म्हणून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. शेजारच्या काकूंचं पासबुक, बँकेतून भरून आणायला. आणि दोन कापडी पिशव्या, कारण येताना भाजी मीच घेते.

दुसरा ढीग पहिल्यापेक्षा जड निघाला. तोही पहिल्यात डबा आणि भरलेली बाटली असताना.

म्हणून माझं म्हणणं असं की, नोकरी करणाऱ्या बाईला 'पर्स हलकी कर' असं सांगून काही होत नाही. तिच्या पर्समध्ये घरातली कामं भरलेली असतात. ती घरात वाटली गेली तरच पर्स हलकी होते. 'बायकांच्या पर्समध्ये अख्खा संसार असतो' असं कौतुकाने म्हणतात ना, ते कौतुक मला अजिबात नको आहे.

त्या दिवशी चादर गुंडाळली नाही. घरातले सगळे संध्याकाळी एकत्र आले तेव्हा तो ढीग तसाच दाखवला. वाद झाला नाही. बर्नर आणि घड्याळ नवऱ्याने उचललं, त्याच्या वाटेवरच दोन्ही दुकानं आहेत. गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो केमिस्टला पाठवला की तो घरपोच देतो, ते आता मुलगा बघतो. साडी जिची तिला परत. काकूंचं पासबुक मात्र मी ठेवून घेतलं. त्यांना बँकेचा जिना चढवत नाही, आणि त्यांचं हे काम मला मनापासून करायचं आहे.

पाण्याचं सांगायचं राहिलं. पाणी लिटरला एक किलो, त्यात काही करता येत नाही. वर स्टीलच्या बाटलीचं वजन वेगळं. ऑफिसात फिल्टर आहे, त्यामुळे प्रवासापुरती अर्ध्या लिटरची बाटली नेते आणि निघताना भरून घेते. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा टिकल्या-कंगवे काढून कधीच पडला नसता.

तुम्हीही एकदा पिशवी रिकामी करून बघा आणि इथे लिहा: कोणाचं काय निघालं?

ठाणेकर

धागा आवडला. कागदपत्रांपुरती भर घालतो, कारण पाकीट फुगतं ते कागद आणि कार्डांनीच.

डिजिलॉकर हे कागदपत्रांचं सरकारी ॲप २०१५ पासून आहे, तरी लोक अजून मूळ लायसन्स आणि आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, घेऊन फिरतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या वाहतूक खात्याच्या ॲपमधलं लायसन्स आणि आरसी मूळ कागदाइतकंच ग्राह्य धरावं, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्येच राज्यांना कळवलं आहे. फक्त एक बघा. ते कागदपत्र 'इश्यूड डॉक्युमेंट्स'मध्ये, म्हणजे संबंधित खात्याकडून थेट आलेलं असायला हवं. आपण फोटो काढून अपलोड केलेलं असेल तर ते धरत नाहीत. रेल्वेत ओळखपत्र दाखवतानाही हाच नियम.

लोकलचा पास ॲपवर काढलात तर तो ॲपमध्येच उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही. फोन बंद पडला तर पास नसल्यातच जमा. त्यामुळे मी फोनवर सगळं ठेवलं तरी पास छापीलच ठेवतो.

पाकिटात आता एक डेबिट कार्ड, पास, थोड्या नोटा आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी एवढंच असतं.

निशिगंध

मला टाइप वन मधुमेह आहे. त्यामुळे 'कमीत कमी घेऊन बाहेर पडा' हा सल्ला वाचला की मी सावध होते, आणि माझ्यासारख्या इतरांनीही व्हावं म्हणून लिहिते.

माझ्या पाउचमध्ये इन्सुलिनचं पेन, सुया, ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि ग्लुकोजची पावडर असते. शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधारण तीन चमचे साखर घ्यायची, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली असेल तर ते ग्लुकोज माझ्याजवळच असावं लागतं. 'पुढच्या स्टेशनवर घेऊ' म्हणून भागत नाही. हे पाउच मी कधीही हलकं करणार नाही आणि कोणी सुचवूही नये.

मी हलकं केलं ते बाकीचं. आणि पाउच पर्सच्या कुठल्या कप्प्यात आहे, ते माझ्या डब्यातल्या दोन मैत्रिणींना दाखवून ठेवलं आहे. मला बोलता येईनासं झालं तर शोधाशोध नको.

मालतीताई

मोगरा, तुझं पटतंय आणि नाहीही. मी बत्तीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. माझ्या पर्समध्ये सुई-दोरा, हुक, बाम, लिमलेटच्या गोळ्या आणि एक जास्तीची सेफ्टी पिन कायम असायची. किती मुलींचे ड्रेस मी चालत्या गाडीत शिवून दिलेत! एकीच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला तेव्हा मणी गोळा करून जागच्या जागी ओवून दिलं होतं. ते सगळं दुसऱ्यांसाठीच होतं की. तुझ्या हिशेबाने तेही काढून टाकायचं का?

शिवाय कामं वाटली की ती होतातच असं नाही. मी घेऊन निघते म्हणून ती त्या दिवशी होतात.

मोगरा

मालतीताई, सुई-दोरा तुम्ही आपणहून ठेवलात. तो न्यायचा की नाही हे रोज तुमच्या हातात होतं, आणि विसरलात तर कोणी जाब विचारणार नव्हतं. बर्नर विसरला असता तर मला विचारलं असतं. काकूंचं पासबुक मी ठेवलं ते याचसाठी, ते तुमच्या सुई-दोऱ्यासारखंच आहे.

आणि 'मी नेते म्हणून होतं' हे अगदी खरं आहे. पण ते असंच चालू राहिलं तर मुलालाही वाटत राहील की गोळ्या घरात आपोआप येतात. चार-दोन दिवस एखादं काम राहिलं तर राहू द्यावं. घड्याळ अजून बंदच आहे, मी त्याबद्दल विचारलेलं नाही.

निशिगंध, तुमची पोस्ट फार महत्त्वाची आहे. मैत्रिणींना कप्पा दाखवून ठेवण्याचं मी आईला आजच सांगते, तिलाही मधुमेह आहे.

पायवाट

मी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जातो. 'कमी सामान' हा विषय निघाला की मला वारीच आठवते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रत्येक दिंडीचा ट्रक असतो. वळकटी, कपड्यांची बॅग, ताट-तांब्या सगळं ट्रकमध्ये. पहाटे तंबू उतरायच्या आत बॅग ट्रकपाशी पोचवायची, नाहीतर ती दिवसभर आपल्याच पाठीवर. चालताना खांद्याला एक शबनम. पुणे ते सासवड हा सगळ्यात मोठ्या टप्प्यांपैकी एक, त्यात दिवे घाट चढायचा. नवीन माणसाच्या शबनममध्ये जास्तीचं काय आहे ते त्या घाटात कळतं. सासवडच्या मुक्कामी रात्री पुष्कळ जण बॅग उघडून सामान इकडचं तिकडे करताना दिसतात.

आमच्या दिंडीत एक बुवा आहेत, ऐंशीच्या घरातले. त्यांची पिशवी मी जवळून बघितली आहे. हरिपाठाचं हाताएवढं पुस्तक, बुक्का आणि गोपीचंदनाची डबी, पातळ प्लास्टिकचा कागद, एक पंचा, दुखऱ्या गुडघ्याचं मलम. टाळ गळ्यात. संपलं. पंचा उन्हात डोक्यावर, आंघोळीनंतर अंग पुसायला, विसाव्याला खाली अंथरायला. प्लास्टिकचा कागद पावसात अंगावर आणि ओल्या जमिनीवर बसताना खाली. दोन वस्तूंत त्यांची पाच-सहा कामं होतात. पाण्याची बाटलीसुद्धा ते घेत नाहीत, कारण वाटेत गावोगाव लोक पाणी, चहा, केळी घेऊन उभे असतात.

पण मोगरा, तुमची पोस्ट वाचल्यावर मला दुसरी बाजू जास्त जाणवली. बुवांची पिशवी हलकी राहते कारण मागे ट्रक आहे. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की दोन वेळच्या जेवणाची चिंता नसते, कारण मध्यरात्रीनंतर उठून चुलीपाशी बसणारी माणसं आहेत. आम्ही लोणंदला किंवा फलटणला पोचतो तेव्हा तंबू उभा असतो, तो कोणीतरी पुढे जाऊन उभा केलेला असतो. ते लोक दिवसभर चालत नाहीत म्हणून त्यांना कोणी वारकरी म्हणून ओवाळत नाही. आमच्या दिंडीत आता असं ठरलं आहे की चालणाऱ्यांपैकी रोज काही जण मुक्कामाला पोचल्यावर ट्रक उतरवायला आणि भांडी घासायला थांबतील. थकलेल्या पायांनी ते जड जातं, तरी लोक थांबतात.

कृष्णाकाठ

सांगलीत नदीजवळच्या गल्लीत राहते. वर ठाणेकरांनी सगळं फोनवर ठेवायला सांगितलं आहे, ते रोजच्यासाठी ठीक. आमच्याकडे जुलै ते सप्टेंबर दारामागच्या खुंटीला एक पिशवी टांगलेली असते, त्यात कागद कागद म्हणूनच ठेवावे लागतात.

इथे पावसाळ्यात 'आयर्विनला किती झालं?' हा प्रश्न सकाळ-संध्याकाळ विचारला जातो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. कोयनेतून विसर्ग वाढला की आमचं लक्ष त्या आकड्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही होतो तसे निघालो. त्यानंतर ही पिशवी ठरवून भरली.

पिशवीत रेशन कार्ड, खरेदीखताची प्रत, मुलांच्या गुणपत्रिका आणि दाखले, बँकेची पासबुकं, सगळं प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत. सासऱ्यांच्या आठवडाभराच्या गोळ्या. टॉर्च. घट्ट झाकणाच्या डबीत काडेपेटी. चार्ज केलेला बटणांचा साधा फोन. आणि सुट्ट्या नोटा, कारण वीज गेली, टॉवर बंद पडले की फोनवरून पैसे देता येत नाहीत. उचलून एका हातात धरता यावी एवढीच ती जड आहे, दुसऱ्या हाताला सासऱ्यांचा हात असतो.

घरातल्या सामानाबद्दलही एक सांगते, कारण धाग्याचा विषय तोच आहे. पाणी ओसरल्यावर घर उघडलं तर सगळीकडे गाळ. फ्रिज आडवा पडलेला, गाद्या, धान्याचे डबे, मिक्सर, मुलांची वह्या-पुस्तकं, रोजच्या वापरातलं सगळं गेलेलं. आणि माळ्यावर वर्षानुवर्षं न उघडलेलं सामान मात्र जसंच्या तसं कोरडं. जुना डिनर सेट, लग्नातल्या भेटवस्तूंची खोकी, तुटकी सुटकेस, पाळणा. जे लागत होतं ते खाली होतं आणि जे लागत नव्हतं त्याने उंचावरची जागा अडवली होती. ते खाली उतरवून बघितलं तर संसार पुन्हा उभा करायला त्यातलं फारसं काही कामाला आलं नाही.

आता आम्ही माळा रिकामा ठेवतो. पाणी चढायला लागलं की गॅसची शेगडी, मिक्सर, धान्य, गाद्या, पुस्तकं वर जातात. घरात नवीन वस्तू आणताना 'ही माळ्यावर चढवता येईल का आणि कोण चढवेल' हे बघूनच आणतो. लाकडी दिवाण पुन्हा केला नाही, लोखंडी घडीचा पलंग घेतला.

फळा-खडू

शिक्षिका म्हणून दप्तराचं लिहिते. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं म्हटलं आहे. पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो. शाळेत वजनकाटा ठेवा असंही त्यात आहे. आमच्याकडे काटा आहे आणि आम्ही तो वापरतो.

वेळापत्रक पाळूनही काही दप्तरं जड भरतात, तेव्हा आम्ही मुलांसमोर बसून ती उघडतो. बहुतेक वेळा शाळा सुटल्यावर थेट क्लासला जायचं असतं, त्यामुळे क्लासची पुस्तकं आणि दुसरा डबाही त्यातच. घरी टेकून मग जायला वेळच नसतो. आठ वर्षांच्या मुलाला 'कमी सामान आणत जा' म्हणून काय उपयोग? पालक सभेत आता हाच विषय घेते. ज्यांना शक्य आहे त्यांनी क्लासची पिशवी क्लासलाच ठेवायची सोय करून घेतली आहे.

औदुंबर

मी औषध कंपनीत एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे. माझी बॅग माझ्याच पोटापाण्याची, ती वाटून घ्यायला कोणी नाही. सॅम्पल, पत्रकं, कामाचा टॅब, एसटीचा प्रवास असेल तर एक जास्तीचा शर्ट. रोज रात्री बॅग पूर्ण रिकामी करून दुसऱ्या दिवशीच्या डॉक्टरांच्या यादीप्रमाणे भरतो, एवढं एकच पथ्य. न उपसता भरत राहिलं की तळाशी मुदत संपलेली सॅम्पल राहतात.

रानवारा

कृष्णाकाठ, तुमचं माळ्याचं वाचून राहवलं नाही. मी सध्या आईचं पुण्यातलं घर रिकामं करतोय. आई आता आमच्याकडे राहते, जागा भाड्याने द्यायची आहे. कपडे बोहारणीला दिले, रद्दी गेली, पुस्तकं एका वाचनालयाने नेली. अडलं आहे ते भांड्यांपाशी.

मोठमोठी पातेली, पितळी पिंप, परात, पंचवीस-तीस ताटं-वाट्या. जवळजवळ प्रत्येकावर नाव घातलेलं. एका पातेल्याच्या काठावर आजीचं नाव, तारीख आणि 'सप्रेम भेट'. ठिपक्याठिपक्यांची ती अक्षरं काही ठिकाणी घासून पुसट झाली आहेत, बोट फिरवलं तरच लागतात. पितळ मोडीत घालायला दुकानदार किलोवर भाव सांगतो. आई काही बोलत नाही, पण मोडीचं नाव काढलं की उठून आत जाते. आमच्या दोन खोल्यांत हे मावणार नाही. नाव असलेली भांडी कोणाला देऊ शकतो का? घेणाऱ्याला ते खटकत नाही का?

मालतीताई

रानवारा, मुळीच खटकत नाही. नावं घालायचीच कशासाठी? पूर्वी लग्नकार्यात, पूजेला आळीतून भांडी गोळा व्हायची. दहा घरची ताटं एकत्र घासली जायची, मग ज्याचं त्याला परत जावं म्हणून नाव. तुमच्या आजीचं पातेलं कितीतरी घरांतल्या चुलींवर चढलेलं असणार. ते कपाटात बंद राहण्यासाठी घेतलेलं नव्हतंच.

आमच्या महिला मंडळाकडे अशी भांडी आहेत. हळदीकुंकू, बारसं, सत्यनारायण, तेरावं, कोणालाही नेता येतात. वहीत नोंद करायची आणि घासून परत आणायची. हल्ली थर्माकोलची ताटं मिळत नाहीत, कागदाची महाग पडतात, त्यामुळे मागणी वाढलीच आहे. नाव असलेलं भांडं आम्हाला उलट बरं, ते हरवत नाही.

कृष्णाकाठ

दुजोरा देते. आमच्याकडे पुरानंतर गल्लीने मिळून जेवण केलं तेव्हा मोठी पातेली कोणाकडेच शिल्लक नव्हती, शेजारच्या गावाहून आणावी लागली. त्यांच्यावरही नावं होती. मोडीत घालू नका.

रानवारा

आईला मालतीताईंची पोस्ट वाचून दाखवली. तिने विचारलं, मंडळ कुठलं? आणि पिंपाला कल्हई करून द्यायची का?

मोगरा

रानवारा, आईंना एखादं भांडं स्वतःजवळ ठेवायचं असेल तर ते आधी त्यांनाच निवडू द्या. बाकीचं मग द्या.

मालतीताई

मोगरा म्हणते ते आधी करा. मंडळ कोथरूडचं आहे, पत्ता व्यक्तिगत निरोपात देते. पिंपाला कल्हई लागत नाही, पाण्यालाच वापरू, चिंचेने घासून घेऊ. पितळी पातेल्यांना मात्र लागेल, ती आम्ही सगळ्या भांड्यांची एकदमच करून घेतो, वेगळा खर्च करू नका. परात नको, आमच्याकडे भरपूर आहेत. ताटं-वाट्या सगळ्या चालतील. रविवारी दुपारी चारनंतर हॉल उघडा असतो. आईंना येता आलं तर घेऊन या, वहीत भांड्यांची नोंद त्यांच्याच हातची करू.